बंदुका थांबल्यावर गाव कोण सावरतं?

कोरेगावचा फौजी (धागाकर्ता)

राम राम मंडळी.

मी सातारा जिल्ह्यातला, सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त. आपल्याकडं फौजी घर शोधावं लागत नाही. अपशिंगे गावाच्या तर नावालाच मिलिटरी जोडलेलं आहे. नोकरीत असताना एक वर्ष संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत पूर्व काँगोत, उत्तर किवू प्रांतात काढलं. जानेवारी २०२५ मध्ये एम-२३ च्या बंडखोरांनी तिथलं गोमा शहर घेतल्याची बातमी आली आणि तिथली एक बाई पुन्हा डोळ्यांसमोर उभी राहिली. म्हणून हा धागा.

ज्यांना विषय नवा आहे त्यांच्यासाठी आधी थोडं. गोमा रवांडाच्या सीमेला चिकटून, किवू सरोवराच्या काठी. वर न्यिरागोंगो ज्वालामुखी. २००२ साली त्याचा लाव्हा शहरातून वाहत गेला, त्यामुळं कुंपणं, घरांचे पाये, सगळं काळ्या दगडाचं. नोव्हेंबर २०१२ मध्येही याच एम-२३ ने शहर घेतलं होतं, आणि तेव्हा शांतिसेना शहरातच होती. मग मार्च २०१३ मध्ये सुरक्षा परिषदेनं दक्षिण आफ्रिका, टांझानिया आणि मलावीच्या सैनिकांची वेगळी ब्रिगेड उभी केली, तिला स्वतःहून चाल करून जायची मुभा दिली, आणि वर्ष संपायच्या आत एम-२३ मोडली. २०२५ मध्ये ती पुन्हा त्याच शहरात.

आता त्या बाईचं सांगतो. आमचं ठाणं डोंगरात होतं. बाजाराच्या दिवशी आम्ही वाटेवर गस्त ठेवायचो, कारण बायका कसाव्याच्या कंदांची पोती कपाळावरच्या पट्ट्यानं पाठीवर तोलून कोसच्या कोस चालत यायच्या आणि वाटेत लूट व्हायची. पोरं चुकुडू ढकलायची. चुकुडू म्हणजे लाकडाची दोनचाकी, हातानं तासलेली, चाकाला जुन्या टायरची पट्टी ठोकलेली. चार-पाच पोती लादायची आणि उतारावर सोडायची. अशाच एका बाजाराला एक बाई दुभाष्याला घेऊन माझ्यापुढं आली. दोन वर्षं निर्वासितांच्या छावणीत काढून ती गावी परतली होती, तर तिचं शेत, तिकडं शांबा म्हणतात, दुसराच कसत होता. तो म्हणे, मी गावच्या प्रमुखाकडून घेतलंय. बाईचा नवरा मेलेला, हातात कागद नाही. जवळच्या मोठ्या गावात परदेशी पैशातून बांधलेलं कोर्ट होतं. पांढऱ्या भिंती, निळा पत्रा, सगळं नवं कोरं. आत न्यायाधीश नव्हता. कारकून होता, त्याला कित्येक महिने पगार नव्हता. बाई म्हणाली, तुमच्याकडं बंदूक आहे, तुम्हीच निकाल द्या. मी सांगितलं, आम्हाला तो अधिकार नाही.

आठ दिवसांनी कळलं, ती वरच्या डोंगरातल्या टोळीच्या म्होरक्याकडं गेली. त्यानं एका दिवसात निकाल दिला. शेत परत मिळालं. फी म्हणून त्यानं एक शेळी घेतली आणि तिचा सोळा वर्षांचा पोरगा ठेवून घेतला.

पूर्व काँगोसाठी संयुक्त राष्ट्रांची स्थिरीकरणाची, म्हणजे मोडलेल्या मुलखाची घडी बसवायची, योजना २००८-०९ पासून होती. सुरुवातीची वर्षं भर कशावर, तर रस्ते, पोलीस चौक्या, तुरुंग, कोर्टाच्या इमारती. आत बसणारा माणूस आणि त्याचा पगार हे काँगो सरकारनं बघायचं होतं. ते झालं नाही, आणि २०१३ च्या सुमाराला त्यांनीच योजना बदलून गावकऱ्यांच्या आपसातल्या बोलणीला पुढं आणलं.

माझं मत असं. बंडाळीनं मोडलेल्या मुलखात बाहेरच्या देशांनी जावं, जायलाच पाहिजे. पण पहिला पैसा निवाडा करणाऱ्या माणसांवर घालावा. बांधाचा तंटा, बळकावलेलं घर, बाईवर झालेली जबरदस्ती, या गोष्टींचा निकाल महिना-दोन महिन्यांत लागू लागला की माणूस टोळीकडं जायचा थांबतो. आपल्या आजोबांनी हे डोळ्यांनी पाहिलंय. १९४३ ते ४६ मध्ये तेव्हाच्या अखंड सातारा जिल्ह्यात लोकांनी प्रतिसरकार, म्हणजे इंग्रजांना डावलून चालवलेलं नाना पाटलांचं राज्य, उचलून धरलं, त्यात न्यायदान मंडळांचा वाटा मोठा होता. इंग्रजांचं कोर्ट लांब आणि महाग, प्रतिसरकारचा निवाडा गावात.

तुम्हाला काय वाटतं ते मोकळेपणानं लिहा.


मिरज जंक्शन

फौजीसाहेब, तुमच्या नोकरीला सलाम. पण तुम्ही सांगितलेल्या प्रसंगातून मला उलटा निष्कर्ष दिसतो. बाहेरच्यांनी जाऊच नये.

अफगाणिस्तान घ्या. एकट्या अमेरिकेनं पुनर्बांधणीवर वीस वर्षांत सुमारे १४५ अब्ज डॉलर खर्च केले. त्या खर्चावर नजर ठेवायला २००८ मध्ये खास महानिरीक्षकाचं कार्यालय काढलं. ते कार्यालय वर्षानुवर्षं लिहीत होतं की त्या देशाला पचणार नाही इतका पैसा ओतला जातोय आणि त्यातून भ्रष्टाचारच पोसला जातोय. आणि तुमच्या मुद्द्याबद्दल बोलायचं तर अमेरिकेनं तिथं न्यायव्यवस्थेवरही पैसा घातला होता. न्यायाधीशांना प्रशिक्षण, सरकारी वकील, कायदे, सगळं केलं. तरी खेड्यातला माणूस जमिनीच्या तंट्याला तालिबानच्या काझीकडं जायचा, कारण सरकारी कोर्टात चिरीमिरी द्यावी लागायची. १५ ऑगस्ट २०२१ ला काबूल पडलं.

मालीत दहा वर्षं शांतिसेना होती. २०२३ मध्ये तिथल्या लष्करी सरकारनंच तिला निघून जायला सांगितलं. आणि तुमच्याच काँगोत, जुलै २०२२ मध्ये बुटेम्बोला लोक शांतिसेनेच्या विरोधात रस्त्यावर उतरले, त्यात आपल्या सीमा सुरक्षा दलाचे दोन जवान गेले. ज्यांच्या रक्षणाला गेलो त्यांनाच आपण नकोसे झालो होतो. अशा ठिकाणी आपल्या जिल्ह्यातली पोरं का पाठवायची, याचं उत्तर मला अजून कोणी दिलेलं नाही.


कुंडलकर

मी शाळेत इतिहास शिकवतो, आणि ज्या गावात शिकवतो तिथं प्रतिसरकार हा विषय पुस्तकातला नाही, घराघरातला आहे. म्हणून फौजींना नम्रपणे पण ठामपणे सांगतो, शेळी आणि पोरगा ठेवून घेणाऱ्या टोळीच्या म्होरक्याशेजारी क्रांतिसिंह नाना पाटलांचं नाव बसवू नका. तुमचा हेतू वाईट नाही हे कळतं. पण परक्या सत्तेविरुद्ध उभं राहिलेलं लोकांचं राज्य आणि खाणींच्या पैशावर जगणारी टोळी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. प्रतिसरकारची लढाऊ फळी, जी. डी. बापूंची तुफान सेना, लोकांनी दिलेल्या भाकरीवर जगली.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. न्यायदान मंडळांचं कौतुक करताना आपण एक विसरतो. तिथला पंच रोज त्याच गावात वावरायचा, त्याच विहिरीवर पाणी भरायचा. चुकीचा निवाडा दिला तर तोंड लपवायला जागा नव्हती. शिवाय दारूबंदी, हुंडा न घेता साधेपणानं लावलेली गांधी विवाहाची लग्नं, या कामांतून त्या माणसांनी आधी विश्वास कमावला होता. असा विश्वास परदेशी निधीतून नेमलेल्या माणसाकडं पहिल्या दिवशी कुठून येणार?

आणि 'स्थानिक न्याय' हा शब्द ऐकायला गोड आहे. तुमच्याच प्रसंगात त्या बाईचं शेत दुसऱ्याला देणारा कोण होता? गावचा प्रमुख. उद्या एखादी आंतरराष्ट्रीय संस्था निवाड्यासाठी पंच शोधत त्या गावात आली तर पहिलं नाव त्याचंच पुढं येईल. बाईला तेव्हाही न्याय मिळणार नाही, फक्त अन्यायावर परदेशी शिक्का बसेल.


हरिपूरची लेक

कुंडलकर सर, तुमचा शेवटचा परिच्छेद दोनदा वाचला. अगदी पटला.

मी युद्ध पाहिलेलं नाही, महापूर पाहिलाय. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. ४५ फूट ही धोक्याची पातळी, यावरून समजा. पाणी उतरल्यावर आम्ही घरी आलो तर स्वयंपाकघरात गुडघाभर गाळ, गव्हाची कोठी आडवी झालेली, आत गहू मोड येऊन आंबलेला. मदतीच्या गाड्या रोज यायच्या. एका संस्थेची गाडी आली, नाव घेत नाही, तिच्यातून जुन्या साड्यांचा ढीग उतरवला. निम्म्या साड्या फाटक्या. फोटो काढले आणि गाडी गेली. आम्हाला हवे होते चिखल उपसायचे पंप, फावडी, फिनेल आणि पंचनाम्याला वेळेवर येणारा माणूस. आईनं त्यांतल्या एका फाटक्या साडीकडं बघून मला विचारलं, 'आपण मागायला गेलो होतो का गं?' ते वाक्य अजून टोचतं.

म्हणून मिरजकर दादा, जाऊच नये असं मी म्हणणार नाही. गाडी आली नसती तर प्यायचं पाणीही मिळालं नसतं. पण येणाऱ्यानं आधी विचारावं.

नायजेरियाच्या बोर्नो राज्यात नगारान्नाम नावाचं गाव आहे. २०१५ मध्ये बोको हराम या अतिरेकी टोळीनं ते उद्ध्वस्त केलं. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमानं तिथल्या सरकारबरोबर ते पुन्हा वसवलं, ऑक्टोबर २०२२ मध्ये लोक राहायला आले. आराखडा तोसिन ओशिनोवो या नायजेरियन वास्तुविशारद बाईंचा. छावणीत राहणाऱ्या गावकऱ्यांशी बोलून, कानुरी लोकांच्या राहणीचा विचार करून त्यांनी घरं आखली. सोबत शाळा, दवाखाना, बाजार. चाड सरोवराभोवतीच्या नायजेरिया, नायजर, चाड आणि कॅमेरून या चार देशांनी २०१८ मध्ये मिळून स्थिरीकरणाचं धोरण ठरवलं, त्यातलं हे काम. बाहेरच्यांनी चांगलं काम करता येतं, पण विचारून.


मिरज जंक्शन

ताई, आईंचं वाक्य वाचून मलाही वाईट वाटलं. तरी त्याच बोर्नोची दुसरी बाजू सांगतो. नोव्हेंबर २०२० मध्ये मैदुगुरीजवळ झाबारमारीला भात कापायला गेलेले शेतकरी शेतातच गळे चिरून मारले गेले, कितीतरी जण. आणि २०२१ पासून राज्य सरकारनं मैदुगुरीतल्या छावण्या बंद करून लोकांना परत पाठवायला सुरुवात केली. ज्या भागात जायचं तो सुरक्षित नाही असं मदत करणाऱ्या संस्थाच सांगत होत्या. नवं गाव बांधून झालं की सरकारला 'आता जा घरी' म्हणायला निमित्त मिळतं. घर सुंदर आणि शेत दोन कोसांवर, तिथं जायची भीती. मग त्या घराचं करायचं काय?


माणदेशी

एवढ्या लांब कशाला जायचं? ऑक्टोबर २०२५ मध्ये नक्षलवाद्यांचा वरिष्ठ नेता भूपती साठ साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांपुढं शरण आला. त्याच गडचिरोलीत मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, गाव आपला बांबू आपण विकू लागलं. जंगल कोणाचं हा वाद मिटला की काय होतं ते तिथं जाऊन बघा. फौजींच्या बाजूनं माझं मत.


बेदाणा

राम राम फौजी. मी तासगाव तालुक्यातला द्राक्ष बागायतदार. कोर्टाचं मला फार कळत नाही, पण पिकाचं कळतं, म्हणून लिवतो.

कोलंबियात २०१६ ला सरकार आन् फार्कच्या बंडखोरांचा करार झाला. हत्यारं संयुक्त राष्ट्रांच्या माणसांनी गोळा केली. त्या बंडाचा पैसा यायचा कोकाच्या पाल्यातनं, म्हंजे कोकेनचा कच्चा माल. मग योजना निघाली, कोका उपटा, आम्ही पैसं देतो, दुसरं पीक घ्या. सुमारे ९९ हजार कुटुंबांनी नावं दिली. आन् संयुक्त राष्ट्रांच्या तपासणीत दिसलं की बहुतेकांनी झाडं खरंच उपटली. शेतकऱ्यानं आपला शब्द पाळला बगा. सुरुवातीचे हप्तेही कितीक जणांना मिळाले. पण दुसरं पीक उभं करायचं भांडवल आन् सल्ला, ते रखडलं. वर्षं गेली.

आता माझ्या बाजूनं सांगतो. द्राक्षाची बाग लावली की पहिलं पीक यायला दीड-दोन वर्षं. एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरला फळछाटणी, मग औषधं. एक पाऊस अवकाळी झाला की घड कुजला. तरी आम्ही टिकलो, का? शेडवर बेदाणा वाळला की सौदा तासगावात नायतर सांगलीत. तासाभरात माल पोचतो, भाव डोळ्यादेखत निघतो, कोल्ड स्टोरेजला ठेवला तर बँक त्यावर उचल देती. कोकावाल्याकडं काय हाय? रस्ता न्हाई, बाजार दोन दिवसांच्या वाटंवर. आन् कोकाचा व्यापारी दारात येऊन रोख मोजतो, वर्षातनं तीन-चार येळा पाला तुटतो. मग केळी लावून नदीकाठी कुजवायची का?

म्हणून माझं म्हणणं, कोर्ट पाहिजे, शाळा पाहिजे, सगळं पाहिजे. पण पोराच्या हातातली बंदूक सुटायची असंल तर त्याच्या मालाला गिऱ्हाईक पाहिजे. बाहेरच्या देशांनी पैसं द्यायच्या ऐवजी त्यांचा माल घ्यावा, दहा वर्षांचा करार करून.


मार्केट यार्ड

बेदाणादादा, शेवटचं वाक्य वाचून लिहायला घेतलं. आपण असा करार केलेला आहे! २०१६ मध्ये भारतानं मोझांबिकशी तुरीचा करार केला, पुढं वर्षाला दोन लाख टनांपर्यंत. आमच्याकडं सांगलीच्या यार्डात ब्रह्मदेशची लेमन तूर येते तशी आफ्रिकेची गजरी तूर येते. तुमच्या आमटीत ती कधी ना कधी पडलेली आहेच.

त्याच मोझांबिकच्या उत्तरेला, काबो देल्गादो प्रांतात, ऑक्टोबर २०१७ पासून बंडाळी आहे. माणकांच्या खाणी, समुद्रात गॅस, आणि गावात काम नाही. त्या गॅसमध्ये आपल्या सरकारी तेल कंपन्यांचा मिळून ३० टक्के हिस्सा आहे. मार्च २०२१ मध्ये पाल्मा शहरावर हल्ला झाला आणि गॅसचं काम बंद पडलं. घरदार सोडलेल्यांचा आकडा पुढं दहा लाखांच्या घरात गेला.

आता फौजींशी माझा मतभेद. तिथं पहिली गोष्ट लागली ती बंदूकच. मोसिंबोआ दा प्राइया हे बंदर बंडखोरांनी वर्षभर धरून ठेवलं होतं. जुलै २०२१ मध्ये रवांडाचे हजारेक सैनिक आले आणि ऑगस्टमध्ये ते परत घेतलं. लोक परतले, बाजार भरू लागला. मी व्यापारी आहे. हमाल रात्री सुखरूप घरी जाणार नसेल तर गाडी भरायला कोणी येत नाही, मग सौदा काय आणि निवाडा काय. तुम्ही सैनिक असून बंदुकीला एवढं मागं का ठेवता, हेच कळलं नाही.


पाणीपुरवठा

साताऱ्यात राहतो, पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालो. फौजीसाहेबांनी इमारतींना एकदम शेवटच्या रांगेत नेऊन बसवलं, ते पाहून राहवलं नाही.

इराकमध्ये आयसिसच्या काळात सुमारे ६० लाख लोक घर सोडून गेले. त्यांतले जवळजवळ ५० लाख परत आले. जगात एवढ्या मोठ्या संख्येनं आणि एवढ्या लवकर लोक परतल्याची उदाहरणं थोडी आहेत. २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमानं स्थिरीकरणाचा वेगळा निधी काढला. त्याचं सूत्र साधं होतं: शहर सुटलं की ताबडतोब पाणी, वीज, दवाखाना, शाळा दुरुस्त करायची आणि तिथल्याच पोरांना ढिगारे उपसायची मजुरी द्यायची. मोसुल जुलै २०१७ मध्ये सुटलं. जुना भाग पार भुईसपाट, ढिगाऱ्यांत न फुटलेले बॉम्ब. पण पूर्वेकडच्या भागात लोक आधीच परतू लागले होते.

मी आयुष्यभर पंपिंग स्टेशनांवर काम केलंय. पंप जळाला आणि शहराला तीन दिवस पाणी नसलं की काय होतं ते मला माहीत आहे. चौथ्या दिवशी टँकरवर मारामारी होते. घरी परतलेल्या बाईला पहिल्या दिवशी पाणी लागतं, निवाडा नंतर लागतो. नळाला पाणी आलं की तिला वाटतं, इथं कोणीतरी जबाबदार माणूस आहे.

आणि हे सगळं आता आटत चाललंय याची काळजी कोणी करायची? २०२५ मध्ये अमेरिकेनं आपली मदत संस्था बंद केली, तिचे ८३ टक्के कार्यक्रम मार्चमध्येच रद्द झाले होते. आपण इथं क्रम कुठला यावर भांडतोय आणि तिकडं पैसाच उरलेला नाही.


कोरेगावचा फौजी

सगळ्यांचं वाचलं. रात्री दोनदा वाचलं. उत्तर लांब होईल, सांभाळून घ्या.

कुंडलकर सर, आधी तुमची माफी मागतो. क्रांतिसिंहांची तुलना त्या म्होरक्याशी करायची नव्हती, पण वाक्यं शेजारी पडली हे खरं. आमच्या आजीनं तुफान सेनेच्या पोरांना भाकरी बांधून दिल्या होत्या, ती असती तर मला कान धरून उठवलं असतं. आणि गावच्या प्रमुखाचा तुमचा मुद्दा खोडता येत नाही. मग पंच कोण? माझं उत्तर काँगोतलंच आहे. तिथं फिरती न्यायालयं आहेत. बाहेरच्या संस्था गाडीचा, मुक्कामाचा, वकिलाचा खर्च देतात. न्यायाधीश काँगोचा, कायदा काँगोचा, पण तो त्या गावातला नाही. २०११ च्या पहिल्याच दिवशी दक्षिण किवूत फिझी इथं सैनिकांनी बायकांवर अत्याचार केले. फेब्रुवारीत बाराका गावात फिरतं लष्करी न्यायालय बसलं, बायकांनी समोर येऊन साक्षी दिल्या आणि लेफ्टनंट कर्नल दर्जाच्या अधिकाऱ्याला २० वर्षांची शिक्षा झाली. दोन महिन्यांच्या आत. त्यासाठी नवी इमारत लागली नाही. मी म्हणतोय ते हे.

पाणीपुरवठा साहेब, पाण्याचं मान्य. मी इमारत म्हणालो तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं ते कोर्ट होतं, पंप नव्हता. पंप आधी, हे मी माझ्या मतात घालतो. पण इराकचं पुढचंही सांगा ना. ज्या कुटुंबातला एखादा माणूस आयसिसमध्ये होता असा संशय, त्या कुटुंबांना सुरक्षेचा दाखला मिळेना, गाव परत घेईना, मुलांची कागदपत्रं होईनात. त्या पोरांच्या घरात उद्या नळ आला तरी त्यांचं नाव कुठल्या यादीत आहे हे कोण ठरवणार?

मार्केट यार्ड, तुमचा प्रश्न खरा आहे. मी बंदुकीला मागं ठेवत नाही. बाजाराच्या वाटेवर आमची गस्त नसती तर ती बाई माझ्यापर्यंत पोचलीच नसती. पण बंदुकीनं मिळालेला वेळ मोजका असतो. २०१३ मध्ये एम-२३ मोडली तेव्हा तो वेळ मिळाला होता. हरलेले लढवय्ये सीमेपलीकडच्या छावण्यांत बसून राहिले, त्यांचं पुढं काय करायचं यावर वर्षानुवर्षं निर्णय झाला नाही, आणि जमिनीचे तंटे तसेच राहिले. रवांडाच्या सैन्याबद्दल आणखी एक. काबो देल्गादोत ते रक्षक आहेत, आणि गोम्यात एम-२३ च्या पाठीशी तेच सैन्य असल्याचं संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी लिहिलंय. बाहेरचा कोण आणि कशासाठी आलाय, हे प्रत्येक वेळी नव्यानं तपासावं लागतं.

बेदाणादादा, तुमचं लिहिणं मला सगळ्यात जास्त शिकवून गेलं. ती पोती वाहणारी बाई गोम्याच्या व्यापाऱ्याला माल द्यायची, आणि वाटेवर प्रत्येक नाक्यावर कोणी ना कोणी वसुली करायचा, टोळीवाला आणि सरकारी सैनिकसुद्धा. गिऱ्हाईक होतं, पण माल पोचेपर्यंत हातात काही उरत नव्हतं.

आणि मिरजकर. तुम्ही आमच्या पोरांबद्दल विचारलंत, त्याला उत्तर देणं माझं कर्तव्य आहे. सिएरा लिओनमध्ये २००० साली कैलाहूनला आपले २०० हून जास्त जवान बंडखोरांच्या वेढ्यात ७५ दिवस अडकले होते. ऑपरेशन खुकरी करून आपण त्यांना बाहेर काढलं. तेव्हाही सगळे म्हणत होते, हे मिशन संपलं. पण पुढं शांतिसेनेचं बळ वाढवलं, ७५ हजारांच्या वर लढवय्यांनी हत्यारं ठेवली, खास न्यायालय बसलं, बंडखोरांना हत्यारं पुरवणाऱ्या शेजारच्या लायबेरियाच्या माजी अध्यक्षाला त्या न्यायालयानं २०१२ मध्ये ५० वर्षांची शिक्षा दिली. २००५ च्या शेवटी शांतिसेना परत गेली आणि तिथं पुन्हा युद्ध पेटलेलं नाही. लायबेरियात २००७ पासून आपल्या महिला पोलिसांची तुकडी होती, फक्त महिलांची अशी जगातली पहिली. बायका त्यांच्याकडं तक्रार घेऊन यायच्या. म्हणून पोरं पाठवायची. पण पाठवताना त्यांच्याबरोबर निवाड्याची माणसंही गेली पाहिजेत, नुसती बंदूक घेऊन उभं राहायला पाठवू नका. बुटेम्बोत लोक चिडले ते याच कारणानं. एवढी वर्षं आहात, मग आम्हाला कोण मारतंय ते थांबवत का नाही, असा त्यांचा प्रश्न होता, आणि मी तिथं असतो तर मलाही त्यावर उत्तर देता आलं नसतं.


मिरज जंक्शन

सिएरा लिओनचं मान्य करतो. तो देश लहान, शेजारी कमी, आणि बंडखोर थकलेले होते. काँगो तसा नाही. माझं मत बदललेलं नाही, पण फिरत्या न्यायालयाबद्दल मला माहीत नव्हतं. त्यावर वाचीन.


कुंडलकर

फौजी, माफीची गरज नव्हती. फिरतं न्यायालय आवडलं. एकच शंका. ते गाव सोडून गेल्यावर साक्ष दिलेल्या बाईच्या दाराशी रात्री कोण उभं राहणार? प्रतिसरकारच्या काळात तरी तुफान सेना गावातच होती.


हरिपूरची लेक

फौजी काका, एक विचारायचं राहिलं. त्या बाईचं पुढं काय झालं? आणि त्या मुलाचं?


कोरेगावचा फौजी

बाळ, आमचं रोटेशन वर्षाचं असतं. पोराला टोळीत नेल्यावर तीन महिन्यांनी आमची पलटण परत निघाली. मी पुढच्या तुकडीच्या सुभेदाराला सगळं सांगून, गावाचं नाव, बाईचं नाव, पोराचं वय, वहीत लिहून दिलं होतं. लहान पोरांना टोळ्यांतून सोडवणारा एक विभाग शांतिसेनेत असतो, त्यांनाही कळवलं होतं. पुढच्या तुकडीच्या सुभेदारानं साताऱ्याला फोन करून सांगितलं की बाई बाजाराला येते, कसावा विकते. पोरगा आलेला नाही. त्यालाही वर्ष झालं आणि तोही परतला. २०२५ च्या जानेवारीत बातमी पाहिली तेव्हा मी हिशोब केला, तो पोरगा आता तिशीला आला असेल. टीव्हीवर गोम्याच्या रस्त्यावरून बंडखोरांच्या गाड्या चाललेल्या दाखवत होते. मी प्रत्येक चेहरा बघत होतो.